पोर्शन संपला, पण शिकवून झालं का? विद्यापीठात शिकवणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक मझूर यांच्याबद्दल विद्यार्थ्यांचं मत उत्तम होतं, आणि त्यांचे विद्यार्थी अवघड गणितंही सोडवत होते. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरची एक साधी प्रश्नपत्रिका दिली. आकडेमोड नव्हती, फक्त संकल्पना. जड ट्रक आणि हलकी मोटार समोरासमोर आदळली तर कोणाचा कोणावर जोर जास्त, अशा धाटणीचे प्रश्न. त्यावर वर्गातून विचारणा झाली: उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की एरवी आम्हाला वाटतं तशी? निकाल लागला तेव्हा सूत्रात आकडे घालून उत्तर काढणाऱ्या कितीतरी मुलांना न्यूटनचा तिसरा नियम, म्हणजे दोघांचा एकमेकांवरचा जोर सारखाच असतो हे, उमगलाच नव्हता असं दिसलं.

हे कोणत्याही विषयात होतं. शिक्षक फळ्यावर विचार करतो, विद्यार्थी तो उतरवून घेतो आणि परीक्षेत परत करतो. नव्या अध्यापनपद्धती म्हणून जे काही सांगितलं जातं, त्याची नावं वेगवेगळी असली तरी त्यातलं कामाचं ते एवढंच: तासाला जो विचार शिक्षक करत होता, तो विद्यार्थ्याला करायला लावायचा, आणि तोही शिक्षक समोर हजर असताना. पुढचा प्रत्येक टप्पा याच कसोटीवर बघा. ॲप, स्मार्ट बोर्ड, रंगीत स्लाइड यांनी ही जागा बदलत नसेल तर ती फक्त खरेदी.

एकच घटक निवडा

अख्खा पेपर एकदम बदलायला जाऊ नका. सत्राच्या मध्यावर येणारा एक घटक घ्या. पहिल्या आठवड्यात वर्ग अजून बसलेला नसतो आणि शेवटी पोर्शनची घाई असते. निवड करताना मागची उत्तरपत्रिकांची गठ्ठी आठवा. दरवर्षी मुलं जिथे नेमकी तीच चूक करतात, तो घटक सर्वांत योग्य. चुका कुठे होतात हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं आणि निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

शेवटापासून सुरुवात करा

घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते तीन-चार वाक्यांत लिहा. ‘समजेल’, ‘माहिती होईल’, ‘ओळख होईल’ ही क्रियापदं टाळा, कारण ती तपासता येत नाहीत. ‘दोन साधनांपैकी कोणतं जास्त विश्वसनीय ते कारणांसह ठरवेल’, ‘दिलेल्या आलेखातली चूक दाखवेल’, ‘या प्रकरणात कोणता नियम लागू होत नाही ते सांगेल’ अशी वाक्यं चालतील.

मग लगेच त्या घटकावरचा परीक्षेचा प्रश्न तयार करा. शिकवायच्या आधी. हे केलं की तुमच्या टिपणांतला बराच मजकूर त्या प्रश्नाला लागतच नाही असं लक्षात येतं. तो वाचायला द्या किंवा सरळ गाळा. गाळताना जीव खालीवर होतो, विशेषतः आपल्या संशोधनाशी जवळचा भाग असेल तर. पण तासाची मिनिटं ठरलेली आहेत. पुढच्या टप्प्यांना लागणारा वेळ इथूनच काढायचा आहे, ‘पोर्शन कसा पूर्ण होणार’ या प्रश्नाचं दुसरं उत्तर नाही.

प्रश्न घडवा

सगळ्यात जास्त मेहनत इथे करा. स्लाइड सजवण्यात जाणारी संध्याकाळ एका चांगल्या प्रश्नावर घालवलीत तर तास आपोआप उभा राहतो.

संकल्पना तपासणारा बहुपर्यायी प्रश्न कसा असतो ते अर्थशास्त्राच्या एका उदाहरणावरून पाहू:

*कागदाची किंमत वाढली. बाकी काहीही बदललं नाही. लोकांनी कागद कमी घेतला. कागदाच्या मागणी वक्राचं काय झालं? (अ) डावीकडे सरकला (आ) उजवीकडे सरकला (इ) जागेवरच राहिला (ई) त्याचा उतार बदलला.*

उत्तर (इ). किंमत आणि खरेदी यांचं नातंच तो वक्र दाखवतो, त्यामुळे किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर सरकतो. वक्र हलायला उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूची किंमत असं काहीतरी बदलावं लागतं. पण या प्रश्नाची ताकद चुकीच्या पर्यायांत आहे. (अ) निवडणारा ‘खरेदी कमी झाली म्हणजे मागणी घटली’ असं धरून चाललेला असतो. (ई) निवडणाऱ्याला बहुधा उतार आणि लवचीकता (किंमत बदलली की खरेदी किती प्रमाणात बदलते ते) यांचा गोंधळ झालेला असतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ओळखीचा गैरसमज हवा. ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘वरीलपैकी एकही नाही’ हे भरतीचे पर्याय काढून टाका, त्यांच्यातून काहीच कळत नाही.

चांगल्या पर्यायांसाठी लांब जायला नको. जुन्या उत्तरपत्रिका, इंटर्नलचे पेपर, व्हायवामधली अडखळणारी उत्तरं, सगळा कच्चा माल तिथे पडलेला आहे. पाठांतराने सुटणारा प्रश्न घेऊ नका. व्याख्या विचारली की वही उघडली जाते आणि चर्चा संपते.

मानव्यविद्यांमध्ये एकच बरोबर उत्तर नसतं, ही अडचण खरी आहे. तिथे ‘यांतला सर्वांत कमकुवत युक्तिवाद कोणता?’ किंवा ‘या तीन पत्रांपैकी लढाईच्या कारणांसाठी कोणावर कमी भरवसा ठेवाल?’ असं विचारा. पर्याय निवडावाच लागतो, त्यामुळे बाजू घ्यावी लागते. बाजू घेतली की समर्थन करावं लागतं. ‘तुमचं यावर काय मत आहे?’ या मोघम प्रश्नाने मात्र दोन ठरलेले हात वर होतात आणि बाकीचा वर्ग निवांत बसतो.

प्रश्न वर्गात चालवा

मझूर यांनी १९९१ पासून वापरलेली ही रीत पीअर इन्स्ट्रक्शन म्हणून ओळखली जाते. तिचा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीला कारण आहे.

आधी सात-दहा मिनिटं तुम्ही बोला. मग प्रश्न दाखवा आणि मिनिटभर पूर्ण शांतता ठेवा. कोणी कोणाशी बोलायचं नाही, स्वतःचं उत्तर वहीत लिहायचं. लिहिलेल्या उत्तराशी माणूस बांधला जातो. ‘मलाही हेच वाटत होतं’ म्हणायची पळवाट बंद होते.

मग सगळ्यांनी एकाच वेळी मत द्यायचं. फोनवरचं मतदान चालेल, चार रंगांचे कागद चालतील, छातीजवळ धरलेली एक ते चार बोटंही चालतील. बोटं छातीजवळ अशासाठी, की मागच्याला दिसू नयेत. एकेक हात वर करायला लावला तर सगळे हुशार विद्यार्थ्याकडे बघून हात वर करतात. आकडे कळले तरी या टप्प्यावर वर्गाला दाखवू नका आणि बरोबर उत्तर तर मुळीच सांगू नका. चेहऱ्यावरूनही नाही!

आता तुमचा निर्णय. साधारण तीस टक्क्यांहून कमी जणांचं उत्तर बरोबर असेल तर चर्चेत अर्थ नाही, मुद्दा वेगळ्या तऱ्हेने पुन्हा समजावा. सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा. मधे असेल तर ‘ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा’ असं सांगून दोन-तीन मिनिटं द्या.

त्या वेळात टेबलामागे उभे राहू नका. बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. असं काहीतरी कानावर पडेल:

“लोकांनी कमी घेतला ना, मग मागणी कमी झाली. वक्र डावीकडेच जाणार.”

“अगं, पण किंमत तर वक्रावर आधीच आहे की. ती वाढली तर आपण त्याच रेघेवर वर जातो. रेघ का हलेल?”

“मग रेघ हलते कधी?”

हा तिसरा प्रश्न तुम्हाला तासभर बोलूनही वर्गातून काढता आला नसता. तिथे थांबून उत्तर देऊन टाकायचा मोह होतो, तो आवरा. चर्चा संपली की पुन्हा मतदान घ्या, आकडे दाखवा, आणि आधी चुकीच्या पर्यायामागचा विचार कोणाकडून तरी वदवून घ्या. मग बरोबर उत्तराचं कारण. ‘(अ) का बरं मोहात पाडतो?’ असं विचारलं की चुकलेल्या मुलालाही तोंड उघडता येतं.

एखादा हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात, एवढंच होत असेल का? २००९ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हीच शंका तपासली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला, तेव्हा ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही सुधारणा दिसली. तेव्हा वाद घालण्यातूनही मुलं शिकतात.

एका तासात असे दोन, फार तर तीन प्रश्न.

थांबायला शिका

मेरी बड रो यांनी शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की उत्तरं लांबतात, कारणं येतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. विद्यापीठातले प्रश्न त्याहून गुंतागुंतीचे असतात, तेव्हा मनात दहापर्यंत मोजा. शांतता अंगावर येते खरी, पण वर्गालाही येते, आणि कोणीतरी ती मोडतंच. उत्तर आल्यावरही लगेच ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ म्हणू नका. पुन्हा दोन-तीन सेकंद गेले की बोलणारा आपणहून ‘म्हणजे असं की…’ करत वाक्य पुढे नेतो.

आठवायला लावा

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग प्रत्येक प्राध्यापकाला माहीत असावा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणांवर नजर फिरवणाऱ्याला सगळं येतंय असं का वाटतं आणि महिन्याभरात ते का उडून जातं, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

तासाची पहिली पाच मिनिटं यासाठी ठेवा. वह्या बंद. तीन प्रश्न: दोन मागच्या तासावरचे, एक तीन-चार आठवड्यांपूर्वीचा. हा जुना प्रश्न गाळू नका, विसरायला लागलेली गोष्ट ओढून आणण्यातच खरा व्यायाम आहे. उत्तरं मुलांनी स्वतः तपासायची. गुण ठेवायचेच असतील तर नाममात्र. गुण वाढले की कॉपी सुरू होते आणि तुमच्यावर तपासणीचं ओझं येतं. उशिरा येणारेही हळूहळू वेळेवर येऊ लागतात, हा वरचा नफा.

वाचन तासाआधी

फ्लिप्ड क्लासरूमचा, म्हणजे धडा घरी पाहून यायचा आणि तासाला त्यावर काम करायचं या पद्धतीचा, गाजावाजा बराच झाला आहे आणि व्हिडिओ बनवण्यात कित्येकांचा उन्हाळा गेला आहे. माझं मत असं, की बहुतेक विषयांत व्हिडिओची गरज नसते. आठ-दहा पानांचा नीट निवडलेला मजकूर पुरतो. त्यासोबत तीन प्रश्न द्या आणि उत्तरं आदल्या रात्रीपर्यंत मागवा. तिसरा प्रश्न नेहमी एकच: ‘यातलं काय कळलं नाही, किंवा काय पटलं नाही?’ सकाळी ती उत्तरं चाळून तासाचा रोख ठरवा. १९९० च्या दशकात पुढे आलेली जस्ट-इन-टाइम टीचिंग ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. न वाचता आलेल्यांसाठी तोच मजकूर तासाला पुन्हा शिकवू नका. एकदा जरी केलंत तरी वाचून येणाऱ्यांना आपण मूर्ख ठरलो असं वाटतं, आणि पुढच्या आठवड्यापासून कोणीच वाचत नाही.

गटात काम देताना

गटकार्याला मुलं वैतागतात ती रास्त कारणाने. चौघांचं काम एकटा करतो आणि गुण सगळ्यांना सारखे. याचं मूळ गटाला दिलेल्या कामात असतं. अहवाल, सादरीकरण अशी कामं वाटून घेता येतात, मग ती वाटलीच जातात.

ओक्लाहोमा विद्यापीठातल्या लॅरी मायकलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या वर्गांसाठी टीम-बेस्ड लर्निंग ही पद्धत बांधली. पाच ते सात जणांचे गट शिक्षकानेच पाडायचे आणि सत्रभर तेच ठेवायचे. मित्रांना गट करू दिले की मागच्या बाकाचा एक गट तयार होतोच. घटकाच्या सुरुवातीला वाचनावर छोटी चाचणी, आधी एकट्याने, मग तीच चाचणी गटाने मिळून. नंतर मोठं काम: सर्व गटांना एकच, खरोखर महत्त्वाची समस्या, त्यावर एकच ठोस निवड करायची, आणि सगळ्या गटांनी आपला निर्णय एकाच क्षणी जाहीर करायचा.

शेवटची अट किरकोळ वाटते, पण सगळी गंमत तिच्यात आहे. दहा गट एकामागून एक सादर करू लागले की चौथ्यापासून वर्ग झोपतो. दहा गटांनी एकदम कागद वर धरले, सहांनी ‘ब’ आणि चौघांनी ‘क’ लिहिलं, की सूत्रसंचालनाची गरज राहत नाही. निर्णय वाटून घेता येत नाही, त्यासाठी एकत्र बसून भांडावंच लागतं.

शेवटची दोन मिनिटं

तास संपण्याआधी कागदाच्या तुकड्यावर, नाव न घालता, एक ओळ: आज सर्वांत धूसर काय राहिलं? गठ्ठा स्टाफरूममध्ये नेऊन तीन ढीग करा. एकाच मुद्द्यावर अडलेले, किरकोळ शंका, आणि ‘सगळं कळलं’वाले. पहिल्या ढिगातल्या मुद्द्याने पुढचा तास सुरू करा आणि तसं सांगूनही टाका. वाचलं जात नाही असं दिसलं की तिसऱ्या आठवड्यात कोरे कागद येतात.

असाइनमेंट आणि चॅटबॉट

घरून लिहून आणायचा पाच पानी निबंध आता कोणी लिहिला हे ठरवता येत नाही. पकडणारी सॉफ्टवेअर भरवशाची नाहीत, स्वतः लिहिणाऱ्यावरही ती ठपका ठेवतात. त्यांच्या जोरावर कारवाई करू नका. रचना बदला. आराखडा, पहिला खर्डा आणि अंतिम मजकूर वेगवेगळ्या तारखांना मागा, त्यातला निदान एक टप्पा वर्गात बसून लिहायला लावा. शेवटी पाच मिनिटांचा तोंडी जबाब: ‘तिसऱ्या परिच्छेदातला दावा चुकीचा ठरायला कोणता पुरावा लागेल?’ ज्याने विचार केलाय तो अडखळत का होईना, बोलतो. मोठ्या वर्गात सर्वांचे जबाब शक्य नसतील तर चिठ्ठ्या टाकून निवडा, पण निवड होणार हे पहिल्याच दिवशी सांगा. चॅटबॉटचं उत्तरच वर्गात वाटून त्यातल्या चुका, पोकळ वाक्यं आणि न दिलेले पुरावे शोधायला लावणं हाही चांगला स्वाध्याय आहे.

खर्डा परत देताना आधी फक्त शेरे द्या, गुण सुधारित प्रत आल्यावर. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात गुण आणि शेरे एकत्र दिले तेव्हा शेऱ्यांचा फायदा जवळजवळ विरून गेला होता. आकडा दिसला की खालची ओळ कोण वाचतो?

कुरकुर होणार, ती आधीच धरा

‘सर शिकवतच नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात.’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या एका प्रयोगात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी स्वतः सोडवत शिकले तेव्हा चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळतंय असा भास होतो, तर स्वतः झगडताना आपण मागे आहोत असं वाटत राहतं. म्हणून पहिल्या आठवड्यात हा प्रयोग वर्गाला सांगा. त्या संशोधकांनाही आधीच समजावून सांगण्याचा उपयोग झाला होता. अभिप्राय-पत्रकातले तुमचे आकडे एखादं सत्र खाली येऊ शकतात. बढतीचा अर्ज तोंडावर असेल तर विभागप्रमुखांच्या कानावर घालून ठेवा.

उपयोग झाला का, ते कसं कळणार?

तुमच्या अंदाजावर विसंबू नका. वर्ग गजबजलेला होता म्हणजे शिकणं झालं असं नाही. घटकाच्या आधी, घटक संपल्यावर आणि सहा आठवड्यांनी एकाच संकल्पनेवरचे, पण वेगळ्या मांडणीचे प्रश्न द्या आणि बरोबर उत्तरांचे टक्के लिहून ठेवा. मागच्या वर्षीच्या परीक्षेतला त्याच घटकावरचा निकाल हाताशी असेल तर उत्तमच. सहकाऱ्याला एक तास मागे बसवा आणि एकच काम द्या: दर पाच मिनिटांनी कोण बोलतंय, कोण लिहितंय, कोण फोनमध्ये आहे, एवढंच नोंदवायचं. शिकवण्यावर मत मागू नका, ते मिळतंच.

या पद्धतींच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पारंपरिक व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास होतं, तर विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२. मात्र तो आढावा विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताचा होता. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या वर्गाला तो आकडा जसाच्या तसा लावू नये, म्हणूनच स्वतःच्या नोंदी महत्त्वाच्या.

नोंदींसाठी एक फाइल पुरते. प्रत्येक प्रश्नासमोर तारीख, पहिल्या आणि दुसऱ्या मतदानाचे टक्के, आणि चर्चेत ऐकलेलं एखादं वाक्य. ज्या पर्यायाला कोणीच मत दिलं नाही तो बदला. पहिल्या फेरीतच नव्वद टक्के बरोबर आलेला प्रश्न काढून उजळणीत टाका. पुढच्या सत्रात त्याच्या शेजारचा घटक घ्या. आधीच्या घटकाचे प्रश्न तयार असल्याने तयारीला लागणारा वेळ पहिल्यापेक्षा बराच कमी असेल.